एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन

एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन (संक्षेप: ईपीक्यू, शब्दशः 'विस्तारित प्रकल्प अर्हता') ही मुख्यतः इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे साधारणपणे १६ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली शैक्षणिक अर्हता आहे. विद्यार्थी स्वतः निवडलेल्या एका प्रश्नावर काही महिने स्वतंत्रपणे संशोधन करतो, त्यातून लेखी अहवाल किंवा एखादी कृती तयार करतो आणि शेवटी ते काम श्रोत्यांपुढे मांडतो. शिक्षक या कामावर देखरेख ठेवतो, मात्र विषय शिकवत नाही. ही अर्हता ए-लेव्हलच्या निम्म्या तोलाची मानली जाते. २००८ साली ती देशभर लागू झाली. परीक्षाकेंद्री उच्च माध्यमिक शिक्षणात विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न विचारण्यासाठी जागा देणारी ही मोजक्या व्यवस्थांपैकी एक आहे. तिच्या उपयुक्ततेविषयी फारसा मतभेद नाही. ती कोणत्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते आणि तिच्यामुळे होणारा लाभ मोजायचा कसा, याविषयी मात्र आहे.

शैक्षणिक पार्श्वभूमी

'सिक्स्थ फॉर्म' हे नाव इंग्लंडमधील जुन्या वर्गरचनेतून आले आहे. अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत आलेला विद्यार्थी पहिल्या फॉर्मपासून पाचव्यापर्यंत जाई आणि त्यानंतरची दोन वर्षे मिळून सहावा फॉर्म होई. वर्गांना आता बारावे व तेरावे वर्ष असे म्हटले जात असले, तरी जुने नाव टिकून आहे. वयाचा विचार करता ही दोन वर्षे महाराष्ट्रातील अकरावी-बारावीशी जुळतात, परंतु अभ्यासाची रचना बरीच वेगळी आहे. बहुतेक विद्यार्थी ए-लेव्हलला केवळ तीन विषय घेतात. त्यामुळे गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला सोळाव्या वर्षानंतर सलग दीर्घ लेखन करण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि साहित्य व इतिहास घेतलेल्या विद्यार्थ्याला आकडेवारी हाताळण्याचा.

२०१५ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आलेल्या सुधारणांनंतर ए-लेव्हलची परीक्षा पुन्हा दोन वर्षांच्या अखेरीस एकदाच होऊ लागली आणि अनेक विषयांतील वर्षभर चालणारे लेखी काम कमी झाले. इतिहास आणि भूगोल या विषयांत ते राहिले. दोन्हींत एकूण गुणांपैकी २० टक्के गुण विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या अन्वेषणाला आहेत, आणि भूगोलात त्यासाठी प्रत्यक्ष क्षेत्रकार्य आवश्यक असते. इतर बहुसंख्य विषयांत मात्र दीर्घकाळ चालणाऱ्या स्वतंत्र कामासाठी ईपीक्यूखेरीज फारशी जागा उरली नाही.

इतिहास

या अर्हतेचे मूळ माइक टॉमलिन्सन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाच्या अहवालात आहे. १४ ते १९ वयोगटाच्या शिक्षणाच्या पुनर्रचनेविषयीचा हा अहवाल ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ए-लेव्हल व व्यावसायिक अभ्यासक्रम या दोहोंना सामावून घेणारी एकच पदविका असावी आणि त्या पदविकेत प्रत्येक विद्यार्थ्याने एक विस्तारित प्रकल्प करावा, अशी शिफारस त्यात होती. प्रकल्पामागचा हेतू काही अंशी व्यावहारिकही होता. विषयागणिक करावे लागणारे लेखी काम विद्यार्थी व शिक्षक दोघांच्याही डोईजड झाले होते. त्यातील बऱ्याच कामाच्या जागी एकच मोठे आणि अर्थपूर्ण काम ठेवावे, असा विचार अहवालात मांडलेला होता.

फेब्रुवारी २००५ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री रूथ केली यांनी मांडलेल्या श्वेतपत्रिकेत एकत्रित पदविकेची कल्पना नाकारण्यात आली आणि ए-लेव्हल कायम राहिली. विस्तारित प्रकल्पाची शिफारस मात्र स्वीकारली गेली. प्रायोगिक टप्प्यानंतर सप्टेंबर २००८ पासून शाळांना ही अर्हता उपलब्ध झाली. त्याच सुमारास सुरू झालेल्या १४–१९ पदविकांच्या प्रगत स्तरावर हा प्रकल्प अनिवार्य होता. त्या पदविका काही वर्षांतच बंद पडल्या. ज्या योजनांचा भाग म्हणून प्रकल्पाची कल्पना पुढे आली, त्या दोन्ही अशा रीतीने मागे पडल्या आणि केवळ प्रकल्प स्वतंत्र अर्हता म्हणून उरला. एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल, ओसीआर आणि डब्ल्यूजेईसी ही परीक्षा मंडळे ती देतात.

स्वरूप

ईपीक्यूसाठी एकूण १२० तासांचे काम अपेक्षित असते. एक्यूए मंडळाच्या आराखड्यानुसार त्यांपैकी सुमारे ३० तास संशोधनकौशल्यांच्या अध्यापनासाठी आणि ९० तास विद्यार्थ्याच्या स्वतंत्र कामासाठी असतात. साधनांचा शोध व त्यांची पारख, संदर्भ देण्याची पद्धत, वेळेचे नियोजन, संशोधनातील नैतिक बंधने आणि वाङ्मयचौर्य टाळणे, ही कौशल्ये शिकवली जातात. प्रकल्पाचा विषय शिकवला जात नाही.

प्रारंभी विद्यार्थ्याला प्रस्ताव सादर करून शाळेतील समन्वयकाची मान्यता घ्यावी लागते. ए-लेव्हलसाठी जे शिकायचेच आहे तेच पुन्हा प्रकल्पात मांडता येत नाही. काम अभ्यासक्रमाच्या पलीकडे जाणारे असावे लागते. अंतिम फलित सुमारे ५,००० शब्दांचा लेखी अहवाल असू शकते, किंवा एखादी कृती: लघुपट, वाद्यरचना, यंत्राचा नमुना, संगणकप्रणाली, पोशाख, नाट्यप्रयोग. कृती निवडल्यास तिच्यासोबत किमान १,००० शब्दांचा अहवाल जोडावा लागतो. दोन्ही प्रकारांत अखेरीस सादरीकरण होते. त्याचे श्रोते विषयाचे तज्ज्ञ नसतात आणि सादरीकरणानंतर विद्यार्थ्याला त्यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

यासोबत प्रत्येक विद्यार्थ्याला प्रकल्पाची नोंदवही ठेवावी लागते. मूळ कल्पना काय होती, पर्यवेक्षकाशी काय चर्चा झाली, योजना कुठे व का बदलली, कोणते साधन निरुपयोगी ठरले, याच्या नोंदी तिच्यात कराव्या लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही नोंदवही कागदोपत्री सोपस्कार वाटते. प्रत्यक्षात अर्हतेचा कणा तीच आहे, कारण परीक्षकाला विद्यार्थ्याचे निर्णय केवळ तिच्यातूनच दिसतात.

प्रश्नाची निवड

प्रकल्पाचा सर्वांत अवघड टप्पा बहुधा पहिलाच असतो: विषयातून प्रश्न काढणे. 'लंडनमधील हवेचे प्रदूषण' हा विषय झाला. त्यावर पाच हजार शब्द लिहिता येतील, पण ते पाठ्यपुस्तकातील प्रकरणासारखे होतील. 'एप्रिल २०१९ मध्ये मध्य लंडनमध्ये लागू झालेल्या अतिअल्प उत्सर्जन क्षेत्रामुळे तेथील रस्त्यांवरील नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण घटले का?' हा प्रश्न झाला. त्याला काळाची व जागेची मर्यादा आहे, त्याची आकडेवारी जनतेला खुली आहे आणि त्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकते.

असा प्रश्न घेतल्यावर विद्यार्थ्यापुढे ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यांतच या कामाचे शैक्षणिक मूल्य आहे. एप्रिलपूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले की घट दिसू शकते, परंतु हिवाळ्यानंतर उन्हाळा आला की हवेतील प्रदूषकांचे प्रमाण तसेही बदलते. म्हणून आधीच्या वर्षांतील त्याच महिन्यांशी तुलना करावी लागते. जुनी वाहने मोडीत निघून नवी येत असल्यामुळे घट आधीपासूनच चालू असेल, तर क्षेत्राबाहेरील मापनकेंद्रांचे आकडेही पाहावे लागतात. मात्र क्षेत्राच्या भोवतालचे रस्ते तुलनेसाठी कितपत निर्दोष आहेत, हाही प्रश्नच आहे, कारण शुल्क टाळणारी वाहने तिकडे वळली असू शकतात. शिवाय मार्च २०२० नंतर टाळेबंदीमुळे रस्तेच ओस पडले. त्यामुळे त्यापुढच्या आकड्यांतून उत्सर्जन क्षेत्राचा परिणाम वेगळा काढणे अवघड होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि ऑगस्ट २०२३ मध्ये क्षेत्राचा विस्तार झाल्यावर पूर्वीची तुलनेची केंद्रे क्षेत्राच्या आत आली.

सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडून या सर्व गुंत्याची उकल अपेक्षित नसते. गुंता आहे हे ओळखून निष्कर्षाची मर्यादा प्रामाणिकपणे लिहिणे अपेक्षित असते. ए-लेव्हलच्या उत्तरपत्रिकेत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो आणि त्याला उत्तर आहे, याची खात्री विद्यार्थ्याला आधीच असते. ईपीक्यूमध्ये ती खात्री नसते. काही महिन्यांच्या कामानंतर साधने अपुरी निघाल्याने प्रश्न बदलावा लागला, तर तो दोष धरला जात नाही. बदलाचे कारण नोंदवहीत पटण्याजोगे मांडले असल्यास त्याला गुणच मिळतात.

मूल्यमापन

प्रकल्प शाळेतच तपासला जातो आणि परीक्षा मंडळ त्यांतील काही नमुने मागवून गुणदानाची फेरतपासणी करते. एक्यूएच्या पद्धतीत ५० गुणांपैकी १० प्रकल्पाच्या व्यवस्थापनाला, १० साधनांच्या वापराला, २० प्रकल्प विकसित करून पूर्णत्वास नेण्याला आणि १० पुनरावलोकनाला असतात. नियोजन व पुनरावलोकन मिळून ४० टक्के गुण होतात. त्यामुळे अहवाल उत्तम पण नोंदवही पोकळ, अशा विद्यार्थ्याला सर्वोच्च श्रेणी मिळणे कठीण असते. उलटपक्षी, फसलेला प्रयोग का फसला याचे चांगले विवेचन करणारा विद्यार्थी बऱ्यापैकी श्रेणी मिळवू शकतो.

श्रेणी ए-स्टार ते ई अशा असतात. विद्यापीठ प्रवेशासाठीच्या यूकॅस गुणपद्धतीत ए-स्टारला २८, ए श्रेणीला २४ आणि ई श्रेणीला ८ गुण आहेत. ए-लेव्हलच्या ए-स्टारला ५६ गुण असतात.

विद्यापीठ प्रवेशातील स्थान

ईपीक्यूविषयी विद्यापीठांची धोरणे एकसारखी नाहीत. साउदॅम्प्टन विद्यापीठ ईपीक्यूमध्ये ए श्रेणी मिळवणाऱ्या अर्जदारांना ए-लेव्हलची अट एका श्रेणीने शिथिल करणारा पर्यायी प्रस्ताव देण्याबद्दल ओळखले जाते. अन्य काही विद्यापीठांनीही अशी सवलत ठेवली. ऑक्सफर्ड व केंब्रिज ही विद्यापीठे प्रवेशाच्या अटीत ईपीक्यूचा समावेश करत नाहीत, मात्र या कामाचे स्वागत करतात. मुलाखतीत किंवा वैयक्तिक निवेदनात अर्जदाराला स्वतःच्या संशोधनाविषयी बोलता येते, आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी सांगण्यापेक्षा एखाद्या प्रश्नाशी केलेली झुंज सांगणे अधिक प्रभावी ठरते, असे शाळांमध्ये विद्यार्थ्यांना सांगितले जाते. वैद्यकीय शाखेसारख्या चुरशीच्या अभ्यासक्रमांत अनेक ठिकाणी ईपीक्यूने ए-लेव्हलच्या अटी सैल होत नाहीत.

परिणामकारकता

ईपीक्यू करणारे विद्यार्थी ए-लेव्हलमध्येही सरासरीने चांगली कामगिरी करतात, असे दिसून आले आहे. केंब्रिज असेसमेंट या संस्थेच्या संशोधकांनी राष्ट्रीय आकडेवारीचे विश्लेषण करताना विद्यार्थ्यांचे पूर्वीचे गुण विचारात घेतले, तेव्हाही काहीसा अनुकूल संबंध आढळला. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तीन ए-लेव्हल विषय सांभाळून हौसेने आणखी एक काम अंगावर घेणारा विद्यार्थी मुळातच अधिक उत्सुक किंवा शिस्तीचा असण्याची शक्यता आहे, आणि ही उत्सुकता सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतील गुणांत पुरती उतरत नाही. ईपीक्यू देणाऱ्या शाळाही अधिक साधनसंपन्न असू शकतात. उत्सर्जन क्षेत्राच्या उदाहरणातील तुलनेची अडचण येथे खुद्द ईपीक्यूच्याच बाबतीत उभी राहते.

गुणांखेरीजच्या लाभांविषयी शिक्षकांमध्ये बरीच सहमती आहे. विद्यापीठात पहिल्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाची सूची वापरणे, संदर्भ नोंदवणे, दीर्घ लेखनाची बांधणी करणे आणि कोणी तगादा न लावता काम पुढे नेणे एकदम जमवावे लागते. ज्याने हे एकदा अडखळत का होईना केलेले असते, त्याला ही वाट अनोळखी राहत नाही. आणखी एक परिणाम फारसा मोजला जात नाही, पण त्याचे महत्त्व कमी नाही: एखाद्या विषयावर महिनोन्महिने काम केल्यावर काही विद्यार्थ्यांना त्या विषयाची पदवी आपल्याला नकोच, हे कळून येते. पदवीचे शिक्षण शुल्क जड असलेल्या देशात ही जाणीव वेळेवर होणे मोलाचे असते.

टीका आणि अडचणी

सर्वांत मोठा आक्षेप विषमतेचा आहे. स्वतंत्र काम म्हटले, तरी ते पोकळीत होत नाही. ज्या घरात पदवीधर पालक आहेत, पुस्तके आहेत, ओळखीत एखादा प्राध्यापक आहे, तेथील विद्यार्थ्याला प्रश्न नेमका करण्यापासून मुलाखती मिळवण्यापर्यंत सर्वत्र मदत होते. ज्याला शाळा सुटल्यावर दुकानात काम करावे लागते किंवा धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, त्याच्याकडे ९० तासही सहज नसतात. संशोधनपर नियतकालिके सशुल्क असल्यामुळे शाळेची वर्गणी नसेल तर अनेक लेखांचा केवळ सारांशच वाचायला मिळतो. ज्या विद्यार्थ्याला या कामाचा सर्वाधिक लाभ व्हावा, त्यालाच ते करणे सर्वाधिक कठीण जाते.

दुसरा प्रश्न पर्यवेक्षणाचा आहे. पर्यवेक्षक शिक्षकाने उत्तर सांगायचे नसते, पण विद्यार्थ्याला भरकटूही द्यायचे नसते. हे कसब वेळखाऊ आहे आणि वेळापत्रकात त्याला नेहमीच जागा मिळते असे नाही. निधीची टंचाई असलेल्या शाळांत एकाच शिक्षकाकडे बरेच प्रकल्प सोपवले जातात आणि भेटी पाच-दहा मिनिटांवर येतात. अशा ठिकाणी नोंदवही शेवटच्या आठवड्यात मागाहून भरण्याची प्रवृत्ती दिसते. महाराष्ट्रात प्रयोगवहीच्या बाबतीत ती अपरिचित नाही.

काम विद्यार्थ्याचेच आहे याची खात्री करणे ही अडचण पूर्वीपासून होती. मजकूर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी ती वाढवली. ब्रिटनमधील परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेने २०२३ मध्ये या साधनांच्या वापराबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. साधनाने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे हा त्यांनुसार गैरप्रकार ठरतो, आणि साधन वापरले असल्यास त्याचा उल्लेख करावा लागतो. या परिस्थितीत नोंदवही आणि प्रश्नोत्तरांसह होणारे सादरीकरण यांचे महत्त्व वाढले आहे, कारण तयार अहवाल मिळवणे सोपे झाले असले, तरी तो आपण कसा घडवला हे समोरासमोर सांगणे तितके सोपे नाही.

शालेय विज्ञान संशोधन

सिक्स्थ फॉर्मच्या विद्यार्थ्यांचे संशोधन ईपीक्यूपुरते मर्यादित नाही. ब्रिटिश सायन्स असोसिएशनच्या क्रेस्ट पुरस्कारांतील सुवर्ण स्तरासाठी सुमारे ७० तासांचा विज्ञानप्रकल्प अपेक्षित असतो.

कँटरबरी येथील सायमन लँगटन ग्रामर स्कूल या शाळेतील काम विशेष गाजले. शिक्षिका बेकी पार्कर यांच्यासोबत जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेला भेट दिलेल्या विद्यार्थ्यांनी तेथे विकसित झालेल्या कण टिपणाऱ्या चकत्या पाहिल्या. त्या वापरून अवकाशातील विश्वकिरणांचे मापन करता येईल, अशी कल्पना त्यांनी एका राष्ट्रीय स्पर्धेत मांडली. त्यातून 'ल्युसिड' हे उपकरण घडले. पाच टाइमपिक्स चकत्या बसवलेले हे उपकरण टेकडेमोसॅट-१ या उपग्रहावरून ८ जुलै २०१४ रोजी बैकानूर येथून अवकाशात गेले आणि त्याने पाठवलेल्या माहितीवर शाळकरी विद्यार्थ्यांनी काम केले. या अनुभवाच्या आधारे पार्कर यांनी पुढे इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन स्कूल्स ही संस्था स्थापन केली. ईपीक्यूमध्ये प्रकल्प बहुधा एकट्याचा असतो आणि निष्कर्ष जगाला नवा असण्याची अट नसते. येथे मात्र काम सामूहिक होते आणि मिळणारी माहिती कोणाच्याही पुस्तकात आधी नव्हती.

अन्य अभ्यासक्रम आणि भारत

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट पदविकेतील विस्तारित निबंध ही याच जातीची जुनी व्यवस्था आहे. त्याची कमाल मर्यादा ४,००० शब्दांची आहे. 'ज्ञानाचा सिद्धांत' या विषयासह तो एकूण ४५ पैकी जास्तीत जास्त ३ गुण मिळवून देतो. गुण थोडे असले, तरी निबंध अनिवार्य आहे आणि त्यात सर्वांत खालची श्रेणी मिळाल्यास पदविकाच नाकारली जाते. ईपीक्यू ऐच्छिक आहे, हा दोहोंतील मूलभूत फरक होय. वेल्समध्ये वेल्श बॅकलॉरिएटच्या प्रगत स्तरावर वैयक्तिक प्रकल्पाचा समावेश करण्यात आला, तर स्कॉटलंडमध्ये २००९ पासूनच्या स्कॉटिश बॅकलॉरिएटमध्ये आंतरविद्याशाखीय प्रकल्प असतो.

महाराष्ट्रात मुंबई-पुण्यातील आंतरराष्ट्रीय शाळांतून विस्तारित निबंधाची पद्धत परिचित आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात १९९७ साली सुरू झालेल्या महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये देशोदेशींचे विद्यार्थी ही पदविका करतात. याच संस्थासमूहातील वेल्समधील अटलांटिक कॉलेज ही पदविका स्वीकारणाऱ्या पहिल्या शाळांपैकी एक होती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या इतिहास विषयात १०० पैकी २० गुण प्रकल्पाला आहेत. महाराष्ट्र राज्य मंडळाने अकरावी-बारावीच्या पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयात प्रकल्पकार्याचा समावेश केला. हे प्रकल्प एखाद्या विषयाच्या अंतर्गत येतात. विद्यार्थ्याने कोणत्याही ज्ञानशाखेतील प्रश्न निवडावा आणि त्या कामाची स्वतंत्र श्रेणी त्याला मिळावी, ही ईपीक्यूची रचना त्यांच्यात नाही.